उघडीप आहे तोवर नाली उपसून घ्या

उतारावर राहणाऱ्या नागपूरकरांना तातडीचं आवाहन

लावा, सुराबर्डी, दाभा, गोरेवाडा, सुरेंद्रगड, हिंगण्याच्या पलीकडे टेकाडांवर चढलेले नवे ले-आउट, रामटेकच्या गडाखालची वस्ती. जिथे जिथे चार, सहा, दहा घरांना मिळून चढाचा एकच रस्ता आहे, तिथल्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. पाऊस थांबला आहे तेवढ्यात वाचा. जमल्यास आजच संध्याकाळी शेजाऱ्यालाही वाचून दाखवा, कारण यातली बहुतेक कामं एकट्यानं होणारी नाहीत.

मागणी आधी, कारणं नंतर. येत्या सुटीच्या दिवशी, आणि आकाश भरून आलं तर त्याच्याही आधी, रस्त्यावरच्या प्रत्येक घरातून एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बाहेर यावा. टेकडीच्या बाजूची नाली वरपासून खालपर्यंत मोकळी व्हावी. रस्त्याखालून जाणाऱ्या पाईपाचं तोंड दोन्हीकडून उघडं व्हावं. छताचं पाणी थेट रस्त्यावर ओतणारे पाईप वळवले जावेत. आणि रात्री रस्ता खचलाच, तर कोणत्या घरातल्या कोणत्या माणसाला आधी खाली न्यायचं, हे त्याच दिवशी ठरावं. अर्ज, निवेदनं, नगरसेवक, आमदार हे सगळं जरूर करा. पण ती कामं कार्यालयाच्या वेळेत होतात आणि पाऊस त्या वेळा पाळत नाही.

२३ सप्टेंबर २०२३ आठवा. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं पूजन झालं होतं, गणपती बसलेले होते, उत्तरा नक्षत्र लागलं होतं आणि यंदाचा पाऊस आता सरला असं धरून लोक झोपले होते. पहाटे दोनच्या सुमारास जो पाऊस सुरू झाला तो चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर गेला, आणि त्यातला बहुतेक पहिल्या दोन तासांतच पडला. अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून पाणी उसळलं, नाग नदीच्या काठच्या भिंती कोसळल्या, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी, वर्मा ले-आउट पाण्यात गेले. सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरलं. जीव गेले. एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि कामठीहून आलेल्या लष्कराच्या जवानांनी होड्यांतून माणसं काढली. तळाशी राहणाऱ्यांची ती कहाणी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली.

वरच्यांची कुणी पाहिली नाही. अंबाझरीत आलेलं पाणी आभाळातून थेट तलावात पडलं नव्हतं. नाग नदी लाव्याच्या टेकड्यांत उगम पावते, वाडीच्या बाजूनं उतरत अंबाझरीत येते आणि मग शहरात शिरते. पिवळी नदी तशीच गोरेवाड्याकडून. म्हणजे लाव्याच्या उतारावरचा तुमचा-आमचा मुरमाचा रस्ता हा नकाशावर दिसत नसला तरी नाग नदीचा अगदी वरचा फाटा आहे. तिथला मुरूम सुटला की तो खाली तलावात जाऊन बसतो, तलावात तेवढी जागा कमी होते. वरच्या घरांना रस्ता गमवावा लागतो आणि खालच्यांच्या वाट्याला गाळ येतो. तेव्हा मदत जाहीर झाली ती घरांना, दुकानांना, टपऱ्यांना. दहा जणांनी मिळून वापरलेला, कुणा एकाच्या नावावर नसलेला चढाचा रस्ता त्या यादीत कुठे बसणार होता?

आता पावसाच्या मापाबद्दल थोडं, कारण इथे आपली फसगत होते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं. हवामान खात्याच्या पट्टीवर ६४.५ ते ११५.५ म्हणजे जोरदार, त्यावर २०४.४ पर्यंत अतिजोरदार, आणि त्याच्याही वर अत्यंत जोरदार. या पट्टीत २०२३चा तो शंभराच्या वरचा पाऊस कुठे बसतो? सगळ्यात खालच्या पायरीवर. जुलै २०२५ मध्ये नागपुरात एका दिवसात १७०च्या वर पाऊस पडला, तो त्याच्या वरच्या पायरीचा. म्हणजे मोबाईलवर यलो अलर्ट येवो की ऑरेंज, तो सांगतो दिवसभराचं. रस्ता तोडायला मात्र दिवस लागत नाही, दोन तास पुरतात. दिवसभर रिपरिप पडलेले शंभर मिलिमीटर जमीन निम्मेशिम्मे पिऊन टाकते; दोन तासांत पडलेले नव्वद ती पिऊ शकत नाही, ते सगळे उतारानं धावतात. तेव्हा अलर्टचा रंग पाहून निश्चिंत होऊ नका.

हे पाणी किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांच्या छतावर शंभर मिलिमीटर पडला की नऊ हजार तीनशे लिटर होतात, म्हणजे उन्हाळ्यात ज्याच्यासाठी आपण गल्लीत भांडतो तो मोठा टँकर जवळजवळ भरून. रस्त्यावर दहा घरं असतील आणि दहाही छतांचे पाईप रस्त्याकडे तोंड करून असतील, तर दहा टँकर दोन तासांत एकाच उतारावर रिकामे होतात. एक एकर उघड्या उतारावर तेवढ्याच पावसात पडतात चार लाख लिटर.

पाण्याच्या वेगाची एक गोष्ट अभियंत्यांना ठाऊक असते, घरमालकांना नसते. वेग दुप्पट झाला की पाणी दुप्पट जड दगड ढकलतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते चौसष्ट पट जड दगड ढकलू शकतं. वेगाच्या सहाव्या घाताचा हा नियम नदीशास्त्रात दीडशेहून अधिक वर्षं शिकवला जातो. म्हणून तर सपाटीवरच्या गल्लीत गुडघाभर साचलेलं पाणी रस्ता नेत नाही आणि चढावर घोटाभर पाणी नेतं. आभाळातून पडणारं पाणी कमी करणं आपल्या हातात नाही. त्याचा वेग मोडणं मात्र हातात आहे.

रस्ता वाहून जातो तो कसा, हे एकदा भर पावसात छत्री घेऊन उभं राहून बघायला पाहिजे. पश्चिम नागपूर काळ्या कातळाचं. त्या बेसॉल्टवर मुरूम, आणि खोलगटात काळी माती, जी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. टेकडीवर रस्ता काढताना एका अंगाला कापतात आणि कापलेलं दुसऱ्या अंगाला भराव म्हणून टाकतात. कापलेली बाजू घट्ट असते. भरावाची कधीच तितकी नसते, कारण ले-आउट विकणाऱ्याला ती नीट रोलर फिरवून बसवायला वेळ नसतो. कापलेल्या अंगाला नाली काढलेली असते, ती पहिली दोन वर्षं चालते. मग कुणी फाटकासमोर फरशी टाकतो, कुणी बांधकामाचा मलबा तिच्यात लोटतो, कुणाची तुळस तिच्यात सरकते. बाकीचं काम खर्र्याच्या पन्न्या करतात. (नागपुरात नाल्या तुंबण्याच्या कारणांची यादी केली, तर खर्र्याची पन्नी पहिल्या पानावर येईल. खर्रा सोडा असं सांगायला हा लेख नाही, पण राजेहो, पन्नी तरी खिशात ठेवा.)

नाली तुंबली की पाणी रस्त्यावर येतं आणि चाकोरी शोधतं. गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन रेघा पाण्याला सरळ उताराची वाट देतात. पहिल्या पावसात त्या रेघा बोटभर खोल होतात, तिसऱ्या-चौथ्यात वीतभर. मग एखाद्या रात्री पाणी भरावाच्या कडेवरून उडी घेतं आणि कड खालून खायला सुरुवात करतं. सकाळी बघावं तर अर्धा रस्ता नाही.

सिमेंटचा रस्ता केला म्हणून ज्यांना निर्धास्त वाटतं, त्यांनी जास्त काळजी घ्यावी. सिमेंटच्या खालची माती बाजूनं वाहून जाते आणि वर स्लॅब तसाच राहतो, गुळगुळीत, कोरडा, दिसायला उत्तम. आत पोकळी. त्यावरून रोज स्कूटर जातात तोवर काही होत नाही. ज्या दिवशी भरलेली स्कूलव्हॅन किंवा पाण्याचा टँकर चढतो त्या दिवशी तो बसतो. तेव्हा सुटीच्या दिवशी सब्बल घ्या आणि भरावाच्या बाजूची कड फूट-फूटभर अंतरावर ठोकत जा. भरीव जागी आवाज बद्द येतो, पोकळ जागी घुमतो. घुमला की तिथे दगड रचून लाल कापड बांधा आणि चारचाकी बंद करा, मग कुणी कितीही कुरकुर केली तरी. कडेला विजेचा खांब असेल आणि तो जरासाही कलला असेल, तर महावितरणला १९१२ वर लगेच कळवा, खांबाला हात लावू नका.

आता ती नावडती गोष्ट. रस्ता कुणाचा?

नागपुरात हा प्रश्न विचारला की पाचशे बहात्तर आणि एकोणीसशे हे आकडे ऐकू येतात. शहराबाहेरच्या माणसाला कळणार नाही, पण इथे रिक्षावाल्यालाही माहीत असतं की ५७२ आणि १९०० म्हणजे मंजुरीशिवाय पडलेले आणि पुढे नियमित करायला घेतलेले ले-आउट. गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, महानगर प्रदेशासाठी वेगळं प्राधिकरण २०१७ साली आलं, नियमितीकरणाचं पत्र (आरएल) मिळालं, नाही मिळालं, विकास शुल्क भरलं, काहींनी भरलं नाही. या सगळ्यात रस्त्याचा ताबा कुणी कुणाला दिला याचा कागद शोधायला बसलं की एक कार्यालय दुसऱ्याचं नाव सांगतं आणि दुसरं ग्रामपंचायतीचं. ते भांडण लढायला पाहिजे, त्यात वाद नाही. आपण शुल्क भरलं आहे, कर भरतो. पण ज्या अर्थी आपला चढाचा रस्ता कुणाच्याच वहीत नाही, त्या अर्थी त्याची नाली या पावसाळ्यात कुणीही येऊन उपसणार नाही. हे कडू आहे, आणि मला स्वतःला अन्याय्य वाटतं. तरी तुम्ही त्या वाटेनं आईला दवाखान्यात नेणार आहात, कार्यालय नेणार नाही.

अनेकांना भीती असते की शेजाऱ्याच्या जागेतून जाणाऱ्या रस्त्याला हात लावला तर तो पोलिसांत जाईल. इथे कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तो जुना आहे. सुविधाधिकाराचा कायदा, ज्याला आपण वहिवाटीचा कायदा म्हणतो, तो १८८२चा. गंमत अशी की तो सगळ्यात आधी लागू झाला तो मद्रास, कूर्ग आणि मध्य प्रांतात, आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. मुंबई-पुण्याकडे तो पोचायला १८९१ उजाडलं. या कायद्याच्या २४व्या कलमाखाली उदाहरणच दिलं आहे: एकाला दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क आहे, वाट नादुरुस्त झाली किंवा झाड उन्मळून आडवं पडलं, तर हक्कदार त्या जमिनीत जाऊन वाट दुरुस्त करू शकतो, झाड हटवू शकतो. २५वं कलम म्हणतं की खर्च त्यानं करायचा. आणि २७व्याचा अर्थ असा की ज्याच्या जमिनीतून वाट जाते त्यानं अडवू नये, पण दुरुस्ती करून द्यायला तो बांधील नाही. तेव्हा 'रस्ता त्याच्या प्लॉटातून जातो, त्यानंच बघावं' हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. अर्थात सब्बल घेऊन जाण्याआधी त्याच्या दारावर टकटक करा. काम करताना त्याचं नुकसान होऊ नये आणि झालं तर भरून द्यावं, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्या खरेदीखताची चतुःसीमा काढून वाचा, रस्ता तिथे लिहिलेला असतो. शेताची वाट असेल तर महसूल संहितेच्या १४३व्या कलमाखाली तहसीलदारांकडे जाता येतं.

वर्गणीवर मात्र कायदा काही बोलत नाही, आणि घरं तिथेच फाटतात. सगळ्यात खालचा म्हणतो, मी पन्नास फूट रस्ता वापरतो, मी का देऊ? सगळ्यात वरचा म्हणतो, मी सगळा वापरतो पण माझ्याकडे तर पाणी येतच नाही, ते खालच्यांकडे जातं. मधल्याचा मुलगा पुण्यात, घर भाड्यानं. भाडेकरू म्हणतो मालकाला विचारा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं हा गुंता असा सोडवला आहे की आपसात करार असेल तर कराराप्रमाणे, नसेल तर ज्याचा जितका वापर तितका वाटा. ऐकायला चोख. आपल्याकडे या सूत्रात एक भर घालावी लागेल असं मला वाटतं: वापराइतकाच पाण्याचाही हिशेब धरा. ज्याच्या छताचं आणि आवाराचं पाणी रस्त्यावर येतं त्याचा वाटा वाढवा. ज्यानं ते स्वतःच्या आवारात शोषखड्ड्यात जिरवलं त्याचा कमी करा. असं केलं की दोन पावसाळ्यांत रस्त्यावरचं पाणीच घटतं आणि भांडणाचं कारणही. ज्याला पैसे देणं जमत नाही त्यानं अंगमेहनत द्यावी, आणि ती वर्गणीइतकीच मोजावी. विदर्भात हे नवं नाही. २०१६ साली वॉटर कप स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी वरूड तालुक्यातली गावं उन्हात टेकड्यांवर चर खणत होती. धावतं पाणी चालायला लावा आणि चालतं पाणी थांबायला लावा, हे तिथे शाळकरी पोरंही सांगत.

तेच तंत्र रस्त्याला लागू आहे. कच्चा चढ असेल तर दर दहा-पंधरा पावलांवर रस्त्याला तिरकी, उथळ चर काढा आणि तिच्या खालच्या अंगाला मुरमाचा बुटका वरंबा दाबून बसवा. गाडी त्यावरून जाते, पाणी मात्र तिरकं होऊन नालीत उतरतं. चरीचं तोंड भरावाच्या बाजूला कधीही सोडू नका, नाहीतर रस्ता वाचवायला गेलो आणि कड तोडून बसलो असं होईल. नालीत अधूनमधून मोठे दगड आडवे रचा. रस्त्याखालचा पाईप नवा टाकायची वेळ आली तर एक फुटाचा टाकू नका, सागाची चार पानं आणि एक पोतडी त्याला पुरते. दोन फुटांपेक्षा लहान नको, आणि पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दगडांची फरसबंदी हवीच. खचलेल्या जागेत खाली बोल्डर, वर गिट्टी, त्यावर मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. घरांचा मलबा त्यात ओतू नका. चुरी आणि प्लास्टरचे तुकडे पुढच्याच सरीत निघून जातात, आणि खाली कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडतात.

पोत्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. वाळूची पोती आडवी लावून पाणी शेजाऱ्याकडे ढकलणं हा आपला आवडता तातडीचा इलाज. तो करू नका. पोती लावायचीच असतील तर पाणी नालीकडे वळेल अशी तिरकी लावा. आणि धारक भिंत बांधायचा विचार कुणी करत असेल, तर भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं ठेवल्याशिवाय गवंड्याला एकही वीट लावू देऊ नका. भिंतीमागे साचलेलं पाणी तिला आडवी पाडतं, आणि तेव्हा ती रस्त्यावरच पडते.

भरावाच्या उताराला वाळा लावा. आपण नागपूरकर वाळा ओळखतो तो मे महिन्यात, कूलरच्या ताट्यांतून. त्याच्या मुळ्या जमिनीत माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात आणि सरळ खाली जातात, म्हणून जगभर उतार धरून ठेवायला हे गवत लावतात. रोपं लावायला हाच मोसम आहे. ओळीनं, उताराला आडवी, वीतभर अंतरावर. यंदा त्याचा फारसा उपयोग होणार नाही, दोन वर्षांनी होईल.

चढाची वाट टिकू शकते यावर विश्वास बसत नसेल तर रामटेकला जा. अंबाळ्याकडून गडावर चढणारी दगडी पायऱ्यांची वाट पाहा. तिथे पाणी कुठेही सलग धावू शकत नाही, प्रत्येक पायरी त्याला अडवते. आपल्याला पायऱ्या नको आहेत, गाडी न्यायची आहे, कबूल. पण पाण्याला सलग उतार द्यायचा नाही, ही त्या वाटेची अक्कल आपल्याला घेता येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं बेपत्ताच राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. तिथे वर जायला गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात निसरडी पायवाट चढून गेली, यंत्रं नेता आली नाहीत, माती हातांनी आणि फावड्यांनी उपसली. नागपूरच्या टेकड्या म्हणजे सह्याद्री नव्हेत. इथे डोंगर अंगावर येण्याची भीती तशी नाही आणि ती मी उगीच घालणार नाही. पण रस्ता नसला की मदत पोचत नाही, हे इथेही तितकंच खरं आहे. लाव्याच्या चढावरचा रस्ता रात्री दोनला तुटला तर १०८ची रुग्णवाहिका खालीच उभी राहील. अग्निशमनाचा बंब त्याच्याही आधी थांबेल, तो जड असतो.

म्हणून नाली उपसायला जमाल तेव्हाच एक कागद करा. कुणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, कुणाकडे दिवस भरत आलेली सून, कुणाकडे ऑक्सिजनवरची आजी, कुणाच्या घरी फक्त दोन म्हातारी माणसं. त्यांना मोठ्या पावसाच्या रात्री आधीच खालच्या ओळखीच्या घरी झोपायला पाठवता येतं. कमीपणा वाटतो म्हणून लोक तयार होत नाहीत. शेजारच्या काकूंनी हट्ट धरला की होतात. एक गाडी पाऊस लागायच्या आधीच पायथ्याशी, पक्क्या रस्त्यावर लावून ठेवा आणि चावी कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या. एका खुर्चीला दोन बांबू बांधून ठेवले की तिची डोली होते, तीही तयार असावी. ११२, १०८, आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक फाटकावर रंगानं लिहा. मोबाईल नेमका त्याच रात्री बंद असतो. रस्त्यावर एखादं फाटक रात्री कुलूपबंद असेल तर त्याची दुसरी किल्ली शेजारी द्या.

टिप्परवाल्यांना आणि बांधकाम करणाऱ्यांना वेगळी विनंती. पावसाळा संपेपर्यंत भरलेला टिप्पर, काँक्रीटचा मिक्सर ओल्या चढावर नेऊ नका. विटा खाली उतरवा आणि लहान गाडीनं वर न्या. महाग पडेल, ठाऊक आहे. तोडलेल्या रस्त्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि रिकाम्या भूखंडांचे मालक. तुमच्यातले कित्येक पुण्याला, बंगळुरूला, काही न्यू जर्सीला आहेत. प्लॉट घेतला, तारेचं कुंपण घातलं, भाव वाढायची वाट बघत आहात, यात काही चूक नाही. पण तुमच्या उघड्या प्लॉटवरचं सगळं पाणी शेजारच्या रस्त्यावर येतं, आणि तो रस्ता तुटला की तुमच्या प्लॉटाला जायची वाटही तुटते. तिथल्या कुणाला तरी फोन करा. आवारात उताराला आडवे दोन चर खणायला परवानगी द्या, मजुरी पाठवा, नालीवर टाकलेली फरशी काढायला सांगा. भाव रस्त्याला असतो, प्लॉटाला नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतींच्या मिरवणुकीत खड्ड्यांचा बडग्या निघतोच, यंदाही निघेल. आपण टाळ्या वाजवू. पण तोवर पावसाळ्याचा मोठा भाग उलटलेला असतो, आणि २०२३चं पाणी तर पोळ्यानंतरच आलं होतं. नाली एकदा उपसून भागणार नाही. प्रत्येक मोठ्या सरीनंतर एका घरानं, पाळीपाळीनं, वरपासून खालपर्यंत फेरी मारायची आणि पाईपाचं तोंड बघायचं. मघाच्याच कागदावर पाळ्या लिहून टाका.

काम सुरू करण्याआधी आज रस्त्याचे फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असे, वरच्या टोकापासून खालपर्यंत. काम झाल्यावर पुन्हा काढा. पुढे पंचनाम्याची वेळ आली, तर रस्ता आधी कसा होता हे दाखवायला त्याशिवाय काही नसतं. त्याच फोटोंसह सगळ्या घरांच्या सह्यांचं एक पत्र महापालिकेच्या झोन कार्यालयात, नाहीतर ग्रामपंचायत आणि तलाठ्याकडे द्या आणि पोच घ्या. आणि नालीतून निघालेला गाळ कडेला ढीग करून ठेवू नका, पुढच्या सरीत तो परत आत जातो. घमेल्यांनी उचला, आवारातल्या झाडांच्या आळ्यांत घाला, आणि पन्न्या वेगळ्या करून घंटागाडीत द्या.